पांढऱ्या क्रुसाचे निशाण आणि जनरल द्युफूर

गेल्या वर्षी क्रीडादिनाच्या आदल्या सायंकाळी आमच्या मैदानावर एक लहानसा तंटा उद्भवला. शाळेतील चार गटांची चार निशाणे मैदानाच्या कडेने रोवावयाची होती. एका गटाच्या मुलांनी आपल्या काठीस आणखी एक बांबू बांधून ती इतरांहून हातभर उंच केली. ते पाहताच दुसऱ्या गटानेही बांबूचा शोध चालविला. प्रकरण माझ्याकडे येईपर्यंत दोन्ही काठ्या तिरंग्याच्या उंचीच्या जवळ जाऊन पोहोचल्या होत्या. राष्ट्रध्वजाहून उंच अथवा त्याच्या बरोबरीने दुसरे कोणतेही निशाण लावू नये, हा आपल्या ध्वजसंहितेतील नियम सांगून मी बांबू सोडविले आणि तंटा मिटविला. परंतु नियम ऐकून मुलांचे समाधान झाले नव्हते, हे त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते. एका मुलाने तर विचारलेच, की आपल्या गटाचा अभिमान धरणे ही चूक आहे काय. त्या वेळी मला त्यास नीटसे उत्तर देता आले नाही. घरी गेल्यावर मात्र ज्या पुरुषाने हाच प्रश्न एका सबंध देशापुरता सोडविला, त्याचे स्मरण झाले. त्याचेच चरित्र येथे सांगण्याचे योजिले आहे.

गीयोम आंरी द्युफूर याचा जन्म १५ सप्टेंबर १७८७ रोजी कॉन्स्टन्स या जर्मन गावी झाला. आईबाप मूळचे जिनीव्हाचे. जिनीव्हा हे त्या काळी एक लहानसे स्वतंत्र लोकराज्य होते. तेथील राजकीय भांडणांत पराभूत पक्षाच्या अनेक कुटुंबांना देशत्याग करावा लागला, त्यांत हे घड्याळजीचे कुटुंबही होते. म्हणजे ज्या मुलाने पुढे एका राष्ट्राला निशाण मिळवून दिले, त्याचा जन्म मुळी परक्याच्या निशाणाखाली झाला. पुढे कुटुंब मायदेशी परतले. परंतु मूल दहा वर्षांचे होते न होते तोच, इ. स. १७९८ मध्ये, फ्रान्सने जिनीव्हा गिळंकृत केले. अर्धा गरुड व किल्ली असलेले शहराचे जुने निशाण खाली उतरले आणि त्या जागी फ्रेंच तिरंगी निशाण चढले. पंधरा वर्षांनी तेही उतरले. जिनीव्हा पुन्हा स्वतंत्र झाले आणि इ. स. १८१५ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघात एक घटक म्हणून दाखल झाले. ऐन उमेदीच्या वयात ज्याने आपल्या गावावरची निशाणे अशी बदलताना पाहिली, त्याला निशाण म्हणजे नुसते रंगीत कापड वाटणे शक्य नव्हते.

तरुण द्युफूर इ. स. १८०७ मध्ये पॅरिस येथील प्रसिद्ध पॉलिटेक्निक विद्यालयात गेला. तेथून इ. स. १८०९ मध्ये तो आपल्या वर्गात पाचवा येऊन बाहेर पडला. नंतर लष्करी इंजिनियरिंगचे शिक्षण चालू असतानाच नेपोलियनच्या सरकारने त्यास कॉर्फू बेटाच्या रक्षणास धाडले. इंग्रजांच्या आरमाराने वेढलेल्या त्या बेटावर द्युफूर जुन्या तटबंदीचे नकाशे काढीत असे. नकाशा काढणे म्हणजे जमीन प्रामाणिकपणे पाहणे, ही सवय त्यास येथे लागली आणि ती जन्मभर सुटली नाही.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर फ्रान्सच्या सैन्यात राहण्याचा मार्ग त्यास मोकळा होता. पदक मिळाले होते, नावही झाले होते. तरी तो इ. स. १८१७ मध्ये जिनीव्हास परतला. तेथे तो एकाच वेळी इंजिनियर, गणिताचा अध्यापक आणि संघसैन्यातील अधिकारी झाला. त्याने विवाह केला. त्यास चार कन्या झाल्या. इ. स. १८२३ मध्ये त्याने इतर दोघांच्या साह्याने शहराच्या खंदकावर लोखंडी तारांचा एक टांगता पूल बांधला. त्या जातीच्या कायमच्या पुलांत तो जगातील अगदी पहिल्यांपैकी गणला जातो. इ. स. १८१९ मध्ये थून या गावी संघसैन्याच्या अधिकाऱ्यांकरिता शाळा निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता. पुढे तो तिचा प्रमुख झाला. या शाळेत त्याचा एक विद्यार्थी लुई नेपोलियन या नावाचा होता. हाच पुढे फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन झाला. या गुरुशिष्यांची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

आता त्या काळचे स्वित्झर्लंड कसे होते ते सांगितले पाहिजे, त्यावाचून पुढची गोष्ट समजणार नाही. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही थोडा लहान. परंतु त्यात इ. स. १८१५ मध्ये बावीस लहान लहान राज्ये होती. त्यांना कँटन म्हणतात. कोठे जर्मन भाषा, कोठे फ्रेंच, कोठे इटालियन, आणि डोंगरांच्या कपारींत रोमान्श. काही कँटन रोमन कॅथोलिक, काही प्रॉटेस्टंट. प्रत्येकाचे नाणे निराळे, वजनमापे निराळी, रस्त्यावरील जकातीचे नाके निराळे. आणि प्रत्येकाचे निशाणही निराळे. बर्नच्या निशाणावर अस्वल, ऊरीच्या निशाणावर बैलाचे मुंडके, जिनीव्हाच्या निशाणावर तो अर्धा गरुड. ही निशाणे काल-परवाची नव्हती. आजोबा-पणजोबांनी ज्यांच्याखाली रक्त सांडले होते, अशी ती शेकडो वर्षांची होती. संघ होता खरा, परंतु तो कागदावर. संघसभेत प्रत्येक कँटनचे प्रतिनिधी बसत, आपापल्या सरकारच्या हुकमाप्रमाणे मत देत आणि घरी जात. सैन्याचीही तीच तऱ्हा. प्रत्येक कँटन आपली तुकडी पाठवी. तिचा गणवेश तिचा, निशाण तिचे. थूनच्या मैदानावर या तुकड्या एकत्र येत, तेव्हा ते एका देशाचे सैन्य आहे असे पाहणाऱ्यास क्वचितच वाटत असेल.

द्युफूरला हे सलू लागले. तो जिनीव्हाचा कडवा अभिमानी होता, हे लक्षात असू द्यावे. आपल्या शहराचा गरुड कोणी काढून टाकावा अशी त्याची मुळीच इच्छा नव्हती. त्याचे म्हणणे एवढेच होते, की ज्या शिपायांनी प्रसंगी एकमेकांसाठी प्राण द्यावयाचे, त्यांना एकत्र पाहता येईल असे एक चिन्ह डोक्यावर असले पाहिजे. हे चिन्ह नवीन शोधण्याची गरज नव्हती. इ. स. १३३९ मध्ये लौपेन येथील लढाईत निरनिराळ्या कँटनच्या शिपायांनी आपला माणूस ओळखता यावा म्हणून अंगरख्यावर पांढरा क्रूस शिवून घेतला होता, आणि तेव्हापासून तो क्रूस या ना त्या रूपाने टिकून होता. श्वीट्स कँटनचे लाल निशाण व त्याच्या कोपऱ्यातील लहानसा पांढरा क्रूसही सर्वांच्या ओळखीचा होता. लाल भूमीवर मधोमध पांढरा क्रूस, असे एकच निशाण संघाच्या सर्व तुकड्यांनी बाळगावे, असा आग्रह द्युफूरने धरला. निर्णयास वर्षेच्या वर्षे गेली. अखेर इ. स. १८४० मध्ये संघसभेने कँटनच्या सर्व तुकड्यांसाठी हे निशाण मान्य केले.

आपल्याला हे आज अगदी साधे वाटते. परंतु ज्यांना आपल्या निशाणाचा अभिमान आहे, अशा बावीस घरांना एक सामाईक निशाण घेण्यास राजी करणे किती कठीण, याची कल्पना ज्यांनी चार गटांच्या काठ्या सारख्या करविल्या आहेत त्यांना थोडीफार येईल! द्युफूरच्या योजनेत एक शहाणपण होते. रणात तुकडीपुढे संघाचे निशाण. परंतु कँटनच्या सभागृहावर, वेशीवर, जत्रेत व सणावारी कँटनचे निशाण पूर्वीप्रमाणेच. कोणाचे काही हिरावून घेतले नाही. जे नव्हते ते दिले.

याच वर्षांत त्याने दुसरे एक काम आरंभिले होते, आणि ते निशाणाचेच भावंड होय असे मला वाटते. इ. स. १८३२ पासून त्याच्याकडे सबंध देशाच्या मोजणीचे काम आले. तोवर नकाशे होते, पण कोणते एका मापाचे, कोणते दुसऱ्या मापाचे. एका कँटनचा नकाशा दुसऱ्याच्या नकाशास जोडू गेले, तर नद्या मध्येच तुटाव्यात! द्युफूरने सर्व देशासाठी एकच माप ठरविले : एक लक्षास एक. उंची मोजण्यास कोठून आरंभ करावा, हाही प्रश्न होता. जिनीव्हाच्या सरोवरात बंदराजवळ पाण्यातून वर आलेले मोठाले खडक आहेत. त्यांतील एका खडकाचा माथा त्याने सबंध देशाच्या उंचीचे मूळ मानला. डोंगरकडे, हिमनद्या, दऱ्या यांतून मोजणीदार वर्षानुवर्षे हिंडले. इ. स. १८४५ ते १८६५ या काळात पंचवीस पत्र्यांचा तो नकाशा तांब्यावर कोरून प्रसिद्ध झाला. त्यात प्रकाश एका कोपऱ्यातून पडतो आहे असे मानून डोंगरांच्या एका अंगास छाया दिली आहे. त्यामुळे कागदावर हात फिरविला तर उंचवटा लागेल की काय, असा भास होतो. स्विस माणसाने आपला देश अशा रीतीने एका नजरेत प्रथमच पाहिला.

परंतु निशाण मान्य होऊन सात वर्षेही झाली नाहीत, तोच त्या निशाणाची सत्त्वपरीक्षा आली.

भांडण धर्माचे होते आणि राजकारणाचेही. ल्यूसर्न कँटनने इ. स. १८४४ मध्ये आपल्या उच्च शिक्षणासाठी जेझुइट पाद्र्यांना बोलाविले. प्रॉटेस्टंट व सुधारकी पक्ष खवळला. सशस्त्र जमावांनी ल्यूसर्नवर स्वाऱ्या केल्या आणि त्या फसल्या. आपले रक्षण आपणच केले पाहिजे, असे वाटून ल्यूसर्न, ऊरी, श्वीट्स, उंटरवाल्डेन, त्सूग, फ्रीबूर आणि व्हाले या सात कॅथोलिक कँटननी डिसेंबर १८४५ मध्ये आपसांत निराळा करार केला. संघसभेने तो बेकायदा ठरविला व मोडण्यास सांगितले. त्यांनी नाकारले. दोन्ही पक्ष ख्रिस्ताचे नाव घेणारे, दोन्हींच्या देवळांवर क्रूस. तरी युद्धाची तयारी सुरू झाली. आम्हा ख्रिस्ती लोकांनी ही हकीकत वाचताना मान खालीच घालावी. अपराध एका बाजूचा होता, असे म्हणण्यास मी धजणार नाही.

२१ ऑक्टोबर १८४७ रोजी संघसभेने द्युफूर यास सेनापती निवडले. तो साठ वर्षांचा झाला होता. त्यास आनंद झाला नाही. तो मनाने मवाळ. सभेतील जहाल पुढाऱ्यांशी त्याचे जमत नव्हते. समोरच्या सैन्यात त्याने स्वतः थून येथे शिकविलेले अधिकारी असणार, हेही तो जाणून होता. ज्यांच्यासाठी एक निशाण मिळविले, त्यांच्यावरच ते घेऊन चालून जाणे! तथापि आपण नाकारले तर अधिक कठोर हाती हे काम जाईल, हेही त्यास दिसत होते. त्याने पद स्वीकारले. योगायोग असा, की कॅथोलिक पक्षाचा सेनापती योहान उलरिख फॉन सालिस-सोग्लिओ हा स्वतः प्रॉटेस्टंट होता. यावरून हे युद्ध केवळ धर्माचे नव्हते, हे वाचकांच्या ध्यानी यावे.

युद्ध सुरू होताच नोव्हेंबरच्या प्रारंभी द्युफूरने आपल्या सैनिकांस उद्देशून एक आज्ञापत्र काढले. ते सर्व शाळांतून शिकविण्यासारखे आहे. त्यातील आशय असा, की या युद्धातून आपल्याला केवळ विजय नव्हे, तर निष्कलंक विजय घेऊन बाहेर पडावयाचे आहे. मुले, स्त्रिया, वृद्ध व धर्मोपदेशक यांस हात लावू नये. निःशस्त्र माणसावर हात टाकणारा स्वतःची अप्रतिष्ठा करतो. कैदी व जखमी यांना अधिक जपावे, कारण ते आपलेच देशबंधू आहेत. अधिकाऱ्यांना त्याची निराळी ताकीद होती, की शत्रूने अत्याचार केला तरी सूड घेऊ नये आणि शत्रूच्या जखमींची शुश्रूषा आपल्या जखमींप्रमाणेच करावी. हे सारे जिनीव्हाच्या प्रसिद्ध कराराच्या सतरा वर्षे आधीचे आहे.

लढण्याची त्याची रीतही याच हेतूस धरून होती. सुमारे एक लक्ष सैन्य गोळा करावयाचे आणि एका ठिकाणी इतके बळ दाखवावयाचे, की समोरच्याने लाज न वाटता शस्त्र खाली ठेवावे. प्रथम फ्रीबूर. हे कँटन आपल्या मित्रांपासून तुटून एकटे पडले होते. द्युफूरने शहराला वेढा घातला आणि हल्ला करण्यापूर्वी तेथील सरकारास पत्र पाठवून, विरोध व्यर्थ असून रक्तपात टाळावा, असे कळविले. १४ नोव्हेंबर रोजी फ्रीबूर शरण आले. येथे एक गोष्ट लपवू नये. शहरात शिरल्यावर संघाच्या काही शिपायांनी सेनापतीची आज्ञा मोडून जेझुइटांच्या विद्यालयात नासधूस व लूट केली. पांढऱ्या क्रुसाच्या त्या निशाणास लागलेला हा डाग आहे. निशाण कितीही पवित्र मानले तरी ते धरणारे हात आपोआप शुद्ध होत नाहीत, हे द्युफूरला त्या दिवशी पुरते कळले असेल.

त्यानंतर सैन्य ल्यूसर्नकडे वळले. २३ नोव्हेंबर रोजी गीसिकोन येथे खरी लढाई झाली. सालिस-सोग्लिओ स्वतः जखमी झाला. दुसऱ्या दिवशी ल्यूसर्न शरण आले, आणि २९ नोव्हेंबरला शेवटचे कँटन व्हाले. सबंध युद्ध चार आठवड्यांच्या आत संपले. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे शंभर माणसे मेली. शंभर ही संख्या लहान नव्हे. प्रत्येकामागे एक घर होते. परंतु याच सुमारास युरोपात जी यादवी युद्धे झाली, त्यांच्याशी तुलना करून पाहावी.

आता जिंकलेल्या कँटनांच्या निशाणांचे काय झाले? हाच माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा गाभा आहे. विजयी पक्षाला त्या दिवशी बैलाचे मुंडके आणि श्वीट्सचा लाल झेंडा कायमचा उतरविता आला असता. तसे केले नाही. १२ सप्टेंबर १८४८ रोजी संघाची नवीन राज्यघटना झाली. तीत सैन्याचा, जकातीचा, नाण्याचा अधिकार संघाकडे गेला. परंतु प्रत्येक कँटनचे सरकार, त्याची भाषा, त्याची शाळा, त्याचे निशाण त्याच्यापाशीच राहिले. हरलेल्या कँटनांवर युद्धाच्या खर्चाचा दंड बसविला होता, हे खरे. पण उरलेली रक्कम इ. स. १८५२ मध्ये माफ झाली. ज्या ऊरीने संघाच्या निशाणाविरुद्ध शस्त्र धरले, त्या ऊरीच्या वेशीवर पुढे दोन्ही निशाणे शेजारी फडकू लागली. हरलेल्याच्या मानाला जपल्याशिवाय असे घडत नाही, असे मला वाटते. दंड वसूल करता येतो. अभिमान वसूल करता येत नाही.

नऊ वर्षांनी दुसरे संकट आले. नूशातेल हे कँटन संघात असूनही त्यावर प्रशियाच्या राजाचा वंशपरंपरेचा हक्क सांगितला जात असे. म्हणजे एका घरावर दोन धन्यांची निशाणे! इ. स. १८५६ मध्ये राजपक्षाने तेथे बंड केले, ते मोडले गेले, आणि प्रशियाने युद्धाची धमकी दिली. द्युफूर पुन्हा सेनापती झाला. या वेळी मात्र पूर्वीचा शिष्य पॅरिसच्या सिंहासनावर होता. वृद्ध गुरू त्याच्याकडे बोलणी करण्यास गेला. अखेर इ. स. १८५७ च्या तहाने प्रशियाच्या राजाने आपला हक्क सोडला, आणि बंदुकीची गोळी न सुटता हे प्रकरण मिटले.

आता त्याच्या आयुष्याचा जो भाग आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे त्याकडे येऊ. जिनीव्हाचा आंरी द्युनां याने सोल्फेरिनोच्या रणांगणावर हजारो जखमी तडफडताना पाहिले आणि इ. स. १८६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युद्धातील जखमींसाठी काही केले पाहिजे, म्हणून पाच जिनीव्हावासीयांची समिती स्थापन झाली. तिची पहिली सभा १७ फेब्रुवारी १८६३ रोजी भरली. द्युनां, वकील म्वान्ये, डॉक्टर आपिया व डॉक्टर मोनुआर हे चौघे, आणि पाचवा पंचाहत्तरी गाठलेला जनरल द्युफूर. तोच समितीचा पहिला अध्यक्ष झाला. ज्याने आपल्या शत्रूंच्या जखमींना बंधू म्हटले होते, त्याच्याहून योग्य माणूस कोण मिळणार? पुढील वर्षी ऑगस्टमध्ये अनेक सरकारांचे वकील जिनीव्हात जमले. त्या परिषदेचा अध्यक्षही तोच होता. २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. जखमी कोणत्याही पक्षाचा असो, त्याची शुश्रूषा करावी, आणि इस्पितळे व शुश्रूषा करणारे यांस तटस्थ समजावे, असे ठरले.

या इस्पितळांवर एक ओळखीचे निशाण हवे होते. पांढऱ्या भूमीवर तांबडा क्रूस हे चिन्ह ठरले. म्हणजे स्वित्झर्लंडच्या निशाणाचेच रंग उलटे केलेले. स्वित्झर्लंडच्या सन्मानार्थ हे चिन्ह घेतले आहे, असे इ. स. १९०६ च्या करारात स्पष्ट नमूद झाले. इ. स. १८६४ च्या कराराचे सातवे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. इस्पितळांवर हे एकसारखे निशाण असावे, आणि त्याच्या जोडीने त्या त्या राष्ट्राचे निशाण सर्व प्रसंगी असावे, असे त्यात आहे. सर्व मानवजातीच्या दयेचे निशाण लावले म्हणून आपल्या देशाचे निशाण उतरवावयाचे नाही. जिनीव्हाचा गरुड आणि संघाचा क्रूस यांच्याविषयी जे द्युफूरने जन्मभर मानले, तेच येथे सबंध जगापुरते मांडलेले दिसते.

जाता जाता पालकांस एक विनंती. हा तांबडा क्रूस पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांच्या मोटारींवर आणि औषधांच्या दुकानांवर रंगविलेला आढळतो. हेतू चांगला असला तरी ते योग्य नव्हे. परवानगीवाचून हे चिन्ह वापरण्यास आपल्या देशात इ. स. १९६० च्या कायद्याने मनाई आहे. ज्या चिन्हाकडे पाहून रणांगणावर बंदूक खाली करावयाची, ते बाजारात स्वस्त झाले तर त्याचा धाक उरणार नाही.

इ. स. १८६३ मध्ये संघ सरकारने देशातील सर्वांत उंच शिखरास द्युफूरचे नाव दिले. त्याची उंची ४,६३४ मीटर आहे. ज्याने सर्व डोंगर मोजविले, त्याचे नाव त्यांतील सर्वोच्च डोंगरास मिळाले. १४ जुलै १८७५ रोजी जिनीव्हाजवळील आपल्या घरी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, तो देवाघरी गेला. इ. स. १८८४ मध्ये शहरातील एका चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. सेनापतीच्या पुतळ्याच्या हाती तलवार उगारलेली असावी, अशी आपली समजूत असते; येथे घोड्यावरच्या म्हाताऱ्याने हात पुढे पसरला आहे.

त्याच्या निशाणाची कहाणी त्याच्या मागेही चालू राहिली. क्रुसाचे चारही हात रुंदीपेक्षा एकषष्ठांशाने लांब असावेत, हे इ. स. १८८९ मध्ये कायद्याने ठरले. निशाण चौरस आहे, आणि कँटनची निशाणेही चौरस आहेत; त्यामुळे शेजारी लावली असता कोणी लहान-मोठे दिसत नाही. ऑगस्टच्या पहिल्या तारखेस, राष्ट्रीय सणाच्या दिवशी, घरोघरी ही निशाणे फडकतात : देशाचे, कँटनचे, पुष्कळदा गावाचेही. बर्न येथील संसदगृह इ. स. १९०२ मध्ये पुरे झाले. त्याच्या घुमटात काचेवर मधोमध पांढरा क्रूस आहे आणि भोवताली बावीस कँटनांची चिन्हे. अस्वल आहे, बैल आहे, गरुड आहे. संघाशी लढलेल्या सातांचीही चिन्हे इतरांच्या ओळीतच आहेत. पुढे इ. स. १९७९ मध्ये जुरा हे नवे कँटन जन्मास आले. वर्तुळात जागा उरली नव्हती. तेव्हा घुमट न मोडता, जुन्यांपैकी कोणासही न हलविता, त्याचे चिन्ह वर्तुळाबाहेर बसविण्यात आले.

यंदाच्या क्रीडादिनी चारही गटांच्या काठ्या मी स्वतः मापून दिल्या, आणि तिरंग्याची काठी मधोमध, त्यांच्याहून उंच व अंतर राखून उभी केली. गेल्या वर्षी प्रश्न विचारणारा तो मुलगा सकाळी सर्वांच्या आधी मैदानावर आला होता. आपल्या गटाचे निशाण त्याने घरून धुऊन, इस्त्री करून आणले होते.